चार इलेक्ट्रिक एसयूव्ही आणि बरोबरीत सुटलेला तक्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रोजचं जाणं-येणं पन्नासेक किलोमीटर, घरी रात्री चार्जिंगची सोय, दोन मुलं, आणि दर दीड-दोन महिन्यांनी ४२० किलोमीटरवर राहणाऱ्या आई-वडिलांकडे फेरी. बीएमडब्ल्यू आयएक्स, मर्सिडीज ईक्यूई एसयूव्ही, पोर्शे मकान इलेक्ट्रिक आणि किया ईव्ही९ या चार गाड्यांचा तुम्ही अठरा रकान्यांचा तक्ता केलात. रेंज, चार्जिंगचा वेग, शून्य ते शंभरला लागणारे सेकंद, बूट (सामानाची डिकी), वॉरंटी, सगळं आलं. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण दिलेत, आणि टक्केवारी काढली तर चारही गाड्या ७४ ते ७८ च्या मध्ये. आता घ्यायची कोणती?

तक्ता तुम्ही मनापासून केलाय, त्यातले आकडेही बहुतेक बरोबर आहेत. तरी तो निकाल देत नाही, कारण जिथं तुमचं खरोखर अडणार आहे ती गोष्ट आणि जिथं कधीच अडणार नाही ती गोष्ट त्याने एकाच मापाने मोजली. शून्य ते शंभरचे सेकंद आणि मागच्या सीटवर मांडीला मिळणारा आधार, दोघांनाही दहापैकीच गुण. या किमतीच्या गटात गाड्या एकेका बाबतीत मागे-पुढे असतात, त्यामुळे सगळ्याची बेरीज केली की त्या बरोबरीत येणारच.

गाडी घेणाऱ्याच्या वतीने खरेदीआधी ती तपासणं हे माझं काम. २०१८ मध्ये जॅग्वार आय-पेस आली, पाठोपाठ आउडी ई-ट्रॉन आली, तेव्हापासून माझं बरंचसं काम अशाच गाड्यांचं आहे. मी सगळ्यांना आधी एकच विचारतो: वर्षातला तुमचा सगळ्यात अवघड प्रवास कोणता? रोजचे पन्नास किलोमीटर या चारपैकी कोणतीही गाडी सहज करेल, आठवड्यातून दोनदा चार्ज केली तरी पुरेल. निवड करायची ती त्या ४२० किलोमीटरसाठी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. त्या रस्त्यावर तुम्ही किती वेगाने जाता, वाटेतले चार्जर किती ताकदीचे आहेत, आई-वडिलांच्या घरी गाडी लावायच्या जागी वीज आहे का, आणि गाडीत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं बसतात. यातलं एक जरी उत्तर बदललं तरी माझा सल्ला बदलेल.

आता हिशेब. पहिलं काम म्हणजे तक्त्यातला ‘बॅटरी’ हा रकाना पुन्हा भरा. बॅटरीचे दोन आकडे असतात, एकूण आणि वापरण्याजोगा. कंपनी दोन्ही टोकांना थोडी जागा राखून ठेवते, तिला गाडी हात लावू देत नाही. आयएक्स एक्सड्राइव्ह५० ची बॅटरी एकूण १११.५ युनिटची, वापरायला मिळतात १०५.२. मकानची १०० ची, मिळतात ९५. ईक्यूई एसयूव्हीचा ९०.६ हा आकडा मुळातच वापरण्याजोगा. ईव्ही९ चा जाहीर आकडा ९९.८, मी हिशेबाला ९६ धरतो. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, विजेच्या बिलातलंच युनिट.) तुमच्या तक्त्यात एका गाडीचा एकूण आकडा आहे आणि दुसरीचा वापरण्याजोगा, त्यामुळे ती तुलनाच चुकली.

इथंच आणखी एक तपासून घ्या. आयएक्स एक्सड्राइव्ह४० आणि एक्सड्राइव्ह५० बाहेरून जवळपास सारख्या दिसतात, पण ४० मध्ये वापरण्याजोगी जेमतेम ७१ युनिटं आहेत. ईव्ही९ सुद्धा ७६.१ युनिटच्या लहान बॅटरीत येते. २०२५ मध्ये आयएक्सचं नूतनीकरण झालं तेव्हा ४० आणि ५० च्या जागी ४५ आणि ६० आल्या. म्हणून कोटेशनवर नुसतं मॉडेलचं नाव असेल तर ते परत पाठवा आणि पूर्ण व्हेरियंट लिहून मागा.

पुढचा रकाना रेंजचा. तुम्ही डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीचे आकडे घेतलेत. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते: ३० मिनिटं, २३.२५ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर, तापमान २३ अंश. त्यात १३१ चा वेग येतो, पण थोडाच वेळ. चाचणी खोटी नाही, शहर आणि महामार्ग मिसळून चालवणाऱ्याला तो आकडा जवळपास लागूही पडतो. पण तुमचा अवघड प्रवास सलग ११०–१२० चा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात तर नुसत्या हवेशी झगडायला प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन पट ऊर्जा लागते. पेट्रोल गाडीत हे जाणवत नाही, कारण तिचं इंजिन कमी वेगात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेतच घालवत असतं. इलेक्ट्रिक गाडी कमी वेगात फार काटकसरी असते, म्हणून वेग वाढला की फरक डोळ्यांत भरतो.

अडीच टनाच्या एसयूव्हीला या वेगात १०० किलोमीटरला साधारण २४ युनिटं लागतात असं धरू. ईव्ही९ उंच आणि खोक्यासारखी आहे, तिला २७ धरू. तुमच्या प्रवासाला म्हणजे तिघींना १०१ युनिटं, ईव्ही९ ला ११३. घरून १०० टक्के भरून निघायचं आणि पोचताना १५ टक्के उरलेले असायला हवेत, एवढी अट घाला. मग वाटेत किती भरावं लागेल? आयएक्सला ११ युनिटं, मकानला २०, ईक्यूईला २४, ईव्ही९ ला ३२.

म्हणजे चारही गाड्यांना एकदा थांबावंच लागणार आहे, आणि एकदाच. तुमच्या प्रवासापुरता रेंजचा रकाना इथंच निकाली निघाला.

मग थांबा किती वेळाचा? यासाठी ‘कमाल चार्जिंग’ हा रकाना खोडून टाका. तो आकडा काही मिनिटांपुरता दिसतो, पुढे बॅटरी भरत जाते तसा वेग उतरतो. कंपन्या १० ते ८० टक्क्यांना लागणारा वेळ देतात, त्यावरून सरासरी काढा. मकानला २१ मिनिटं, म्हणजे सरासरी १९० किलोवॉट. ईव्ही९ ला २४ मिनिटं, सरासरी १६८. आयएक्सला ३५ मिनिटं, सरासरी १२६. ईक्यूईला ३२ मिनिटं, सरासरी ११९. गंमत पाहा, कमाल आकड्यात आयएक्स १९५ आणि ईक्यूई १७०, म्हणून तक्त्यात तुम्ही आयएक्सला दोन गुण जास्त दिलेत. सरासरीत दोघी जवळपास एकाच ठिकाणी आहेत. पहिल्या आउडी ई-ट्रॉनचं कमाल फक्त १५० होतं, पण ते ती जवळजवळ ८० टक्क्यांपर्यंत टिकवून धरायची, आणि लांबच्या प्रवासात कागदावर तिच्याहून सरस असलेल्या गाड्यांच्या बरोबरीने पोचायची. ती गाडी तपासल्यापासून कमाल आकडा मी वहीत लिहून घेणं सोडलं.

आता तुमचा थांबा: चांगल्या ताकदीचा चार्जर मिळाला तर आयएक्स पाच-सहा मिनिटं, मकान सहा-सात, ईव्ही९ आणि ईक्यूई अकरा-बारा. थांबा उशिरा घ्या, १५-२० टक्के उरलेले असताना, कारण रिकामी बॅटरी वीज वेगाने घेते. केबल लावण्या-काढण्याचा वेळ धरला तरी सगळ्यात झटपट आणि सगळ्यात मंद यांत सहा-सात मिनिटांचा फरक आहे. दोन मुलांना उतरवून, पाय मोकळे करून परत बसवायला याहून जास्त वेळ लागतो.

पण चार्जर चांगल्या ताकदीचा नसेल तर चित्र बदलतं. ६० किलोवॉटचा चार्जर मिनिटाला एक युनिट देतो, हिशेबाला सोपा. तिथं आयएक्सला ११ मिनिटं, मकानला २०, ईक्यूईला २४, ईव्ही९ ला ३२. मकान आणि ईव्ही९ यांच्या ८०० व्होल्टच्या यंत्रणेचं (जिच्यामुळे त्या ताकदवान चार्जरवर वीज वेगाने घेतात) तिथं काहीच चालत नाही. ज्या चार्जरची धाव ४०० व्होल्टपर्यंतच आहे तिथंही त्यांना पूर्ण वेग मिळत नाही. मकान अशा वेळी आपली बॅटरी दोन भागांत वाटून १३५ किलोवॉटपर्यंत घेते. ईव्ही९ मोटरच्या इन्व्हर्टरमधून व्होल्टेज चढवून घेते, त्यात वेग उतरतो. म्हणून ८०० व्होल्टला गुण देण्याआधी तुमच्या रस्त्यावर १५० किलोवॉटच्या वरचे चार्जर किती आहेत, एका जागी चार्जिंगच्या किती बंदुका (गाडीला लावायच्या केबल) आहेत आणि त्यातल्या किती चालू असतात, हे बघून या. ॲपवर बघू नका. एकदा आत्ताच्या गाडीने जाताना तिथं थांबा आणि तिथं चार्ज करणाऱ्याशी दोन मिनिटं बोला. एकुलता एक मोठा चार्जर असलेल्या ठिकाणापेक्षा चार मध्यम चार्जर असलेलं ठिकाण मला कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

तुमच्या तक्त्यात नसलेला सगळ्यात मोठा मुद्दा परतीचा आहे. १५ टक्क्यांवर पोचल्यावर आई-वडिलांच्या घरी वीज मिळाली नाही, तर परतीची जवळजवळ सगळी ऊर्जा वाटेत घ्यावी लागेल. चार्जर ताकदवान असले तरी दोन थांबे आणि पाऊण ते एक तास, कोणतीही गाडी घ्या. तिथं साधा १० अँपिअरचा पॉइंट असेल तर सुमारे २.३ किलोवॉट मिळतात. दोन रात्री आणि मधला दिवस मिळून ३६ तास गाडी लावून ठेवली तर वाटेतला तोटा वजा जाऊन सत्तरेक युनिटं बॅटरीत जातात. ७.४ किलोवॉटचा छोटा चार्जर बसवला तर एका रात्रीत काम होतं. गाडी निवडण्याआधी तिथलं वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, चार्जिंगला स्वतंत्र लाईन ओढा. जुन्या सॉकेटमधून सलग बारा तास दहा अँपिअर ओढले की प्लग तापतो, हे मी हाताने पाहिलंय. या एका कामाने तुमचा प्रवास जितका सोपा होईल, तितका या चार गाड्यांतल्या कोणत्याही फरकाने होणार नाही.

टेस्ट ड्राइव्हला बहुतेक लोक जोरात ॲक्सिलरेटर दाबून खूश होऊन परत येतात. तुम्ही मोजायला जा. तासाभराची वेळ मागून घ्या. टायरमधली हवा तपासा, एसी नेहमीच्या तापमानाला लावा, ट्रिप मीटर शून्य करा. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोलवर तुमच्या नेहमीच्या वेगाने २० किलोमीटर जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे चढ आणि वारा दोन्ही बऱ्याच अंशी कटतात. मग १०० किलोमीटरला किती युनिटं लागली ते लिहून घ्या. डॅशबोर्डवर दिसणारी उरलेली रेंज लिहू नका. आधीच्या चालकाने गाडी कशी हाकली याचाच तो बराचसा अंदाज असतो. मी वर धरलेल्या २४ आणि २७ च्या जागी तुमचे आकडे टाका आणि हिशेब पुन्हा करा. थंड हवेत राहत असाल तर हीट पंप (कमी विजेत गाडी गरम ठेवणारी यंत्रणा) आहे का ते विचारा, आणि जलद चार्जरकडे जाताना तो नकाशात गंतव्य म्हणून टाकला की बॅटरी आधीच गरम व्हायला लागते का, तेही. गारठलेली बॅटरी मोठ्यात मोठ्या चार्जरवरही वीज हळूच घेते.

आता माणसांचं. हा भाग मी नेहमी शेवटी सांगतो, पण बहुतेकांचा निर्णय इथंच होतो. आई-वडील कधी तुमच्यासोबत प्रवास करतात का? तुम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं म्हणजे सहा जण. या चारपैकी तीन रांगांची गाडी एकच आहे, ईव्ही९. सहा जणांचा प्रवास वर्षातून तीन-चारदा होत असेल तर बाकी सगळे रकाने बाजूला ठेवा. तिचा चार्जिंगचा थांबा थोडा लांबेल, पण दुसरी गाडी मागून आणावी लागणार नाही.

तसं नसेल तर मागच्या सीटवर स्वतः वीस मिनिटं बसा, गाडी चालू असताना. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायांखाली असते, त्यामुळे जमीन उंच येते. सीट तेवढी उंच नसेल तर गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. दहा मिनिटांत काही कळत नाही, दोन तासांत कंबर बोलायला लागते. आईला सोबत घेऊन जा, तिला स्वतः चढू-उतरू द्या. मुलांनाही घ्या. पाय उचलताच गाडी जोरात मंदावणारं रीजन (मोटरनेच वेग कमी करून वीज परत बॅटरीत घेणं) काही मुलांना मळमळायला लावतं. ते कमी करता येतं का, आणि प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा करावं लागतं का, हे तिथंच करून बघा.

चाकांबद्दल एक आठवण. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी २० इंची चाकांच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि दिसायला छान म्हणून २२ इंची मागवली. तीच गाडी, पण मोठ्या खड्ड्याचा दणका थेट आत यायला लागला. वर्षभरात दोन टायर बदलावे लागले आणि महामार्गावरचा विजेचा खपही वाढला. जाहीर रेंज एकाच गाडीसाठी ‘इतके ते इतके’ अशी दिलेली असते, त्यातलं खालचं टोक बहुतेक वेळा मोठ्या चाकांचं असतं. जी चाकं घेणार, त्याच चाकांवर चालवून बघा. वजनदार इलेक्ट्रिक गाडीला जास्त भार पेलणारे टायर लागतात, ते कुठं आणि किती दिवसांत मिळतात हेही विचारून ठेवा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते.

वॉरंटीच्या रकान्यात तुम्ही सगळ्यांना जवळपास सारखे गुण दिलेत, पण अटी गाडीनुसार बदलतात, त्या तपासून घ्या. बॅटरीला साधारण आठ वर्षं आणि १,६०,००० किलोमीटर ही या गटातली नेहमीची अट, क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दावा करता येतो. ७० ही दाव्याची सीमा आहे, बॅटरी तिथं पोचेलच असं नाही. रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा, प्रवासाच्या आदल्या रात्री १००. मला जास्त काळजी सर्व्हिसची वाटते. माझ्या एका ग्राहकाची गाडी (ब्रँड सांगत नाही) ऑनबोर्ड चार्जर (घरची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा गाडीतला भाग) बिघडल्याने साडेसहा आठवडे उभी होती. भाग आला होता, पण उच्च व्होल्टेजवर काम करायला प्रशिक्षित माणूस त्या केंद्रात एकच होता आणि तो रजेवर. म्हणून सेल्समनला नको, सर्व्हिस मॅनेजरला विचारा: असे किती जण आहेत, बॅटरी उतरवायचं काम इथंच होतं की दुसरीकडे पाठवता, तोवर मला कोणती गाडी देणार? आणि विम्याचं कोटेशन बुकिंगच्या आधी घ्या. बॅटरीच्या खोक्याला खालून मार लागला तर दुरुस्ती फार महाग पडते, म्हणून तो भाग विम्यात कसा धरलाय ते लेखी मागा.

स्क्रीन, ॲम्बियंट दिवे, आवाजी हुकूम यांना तुम्ही तीन रकाने दिलेत. मी एकही देणार नाही. फक्त उभ्या गाडीत बसून काच पुसायचा वेग, एसीची दिशा आणि मागचं धुकं घालवायचं बटण रस्त्यावरची नजर न हटवता सापडतं का, एवढं बघा.

थांबावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणारच. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने नवी आयएक्स३ दाखवली: वापरण्याजोगी १०८.७ युनिटं, ८०० व्होल्ट, ४०० किलोवॉटपर्यंत चार्जिंग. पुढच्या पिढीची उडी मोठी आहे, आणि म्हणून आजच्या गाड्यांची पुनर्विक्रीची किंमत वेगाने उतरते. आत्ताची गाडी वर्षभर बिनतक्रार चालणार असेल तर थांबायला हरकत नाही. ती दम तोडत असेल तर थांबू नका. तुमचा हिशेब वर झालाच आहे, पाच-सहा मिनिटांचा थांबा आणखी कमी होऊन तुमच्या आयुष्यात फरक पडणार नाही. लीजवर मिळत असेल तर किंमत उतरण्याची जोखीम दुसऱ्यावर जाते, तोही विचार करा.

माझं मत विचारलंत तर, सहा जण बसणार असतील तर ईव्ही९, मोठ्या बॅटरीची. चारच जण असाल आणि तुमच्या रस्त्यावरचे चार्जर मध्यम ताकदीचे असतील तर आयएक्स ५०, किंवा तिच्या जागी आलेली ६०. बॅटरी सगळ्यात मोठी, थांबा सगळ्यात छोटा, आणि मागे बसणाऱ्याला शांतता भरपूर. रस्त्यावर ताकदवान चार्जर मुबलक असतील आणि गाडी चालवण्यात तुम्हाला खरा आनंद असेल तर मकान, मात्र मागची सीट आणि बूट तुमच्या घरच्यांच्या सामानासह बघूनच. ईक्यूई आरामदायी आहे, तिच्यात मागची चाकं वळवण्याचा पर्याय घेतला तर अरुंद जागी ती लहान गाडीसारखी फिरते. पण तुम्ही सांगितलेल्या वापरात ती दुसऱ्या कुणापेक्षा वरचढ ठरेल अशी जागा मला सापडली नाही.

दोन गोष्टी करून मला कळवा: प्रत्येक गाडीचा तुम्ही मोजलेला खप, आणि आई-वडिलांच्या घरच्या पॉइंटबद्दल इलेक्ट्रिशियन काय म्हणाला ते. त्यावर परतीच्या प्रवासाचा हिशेब मी पुन्हा करून देतो. बुकिंगची रक्कम तोवर भरू नका.